दिवाळीपासनं इग्वाना अंगावर येतोय, ऑपरेशन करून टाकावं का?

पत्र (थोडं आटोपतं करून देतोय):

"दादा नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या दिरानं पुण्याहून इग्वानाचं, म्हणजे त्या मोठ्या परदेशी सरड्याचं, पिल्लू आणलं, वीतभर होतं, नाव ठेवलं बाळू. दीर नोकरीला बेंगलोरला गेला आणि बाळू राहिला आमच्याकडं. आता शेपटी धरून पाच फुटाच्या आसपास आहे. आजवर कधी त्रास दिला नाही, मुलीशेजारी सोफ्यावर बसून राहायचा, हातातनं जास्वंदीचं फूल खायचा. पण यंदा दिवाळीपासनं काय झालंय कळेना. मी खोलीत गेले की मान जोरजोरात वरखाली करतो, गळ्याखालची कातडी फुगवतो, परवा तर कपाटावरनं सरळ माझ्या अंगावर उडी घेतली. मिस्टर सोडवायला आले तर त्यांच्या अंगठ्याला चावला, टाके पडले. अंगावर नारिंगी रंग चढलाय, खाणं कमी केलंय. दीर असताना पाला आणायचा, आता मी घरातली भाजी देते, मिस्टर कधी कधी उकडलेलं अंडं देतात. मुलगी सहा वर्षांची आहे म्हणून भीती वाटते. इथले एक डॉक्टर आहेत, कुत्र्या-मांजरांचे, ते म्हणाले आणा, खच्ची करून टाकू, शांत होईल. मिस्टर तयार आहेत, म्हणतात गावाकडं खोंड खच्ची केला की कसा गरीब होतो. सासूबाई म्हणतात ही घोरपड आधी घराबाहेर काढा, शेजारचे तर फॉरेस्टला फोन करू म्हणतात. दिराला फोन केला तर तो रडायलाच लागला. काय करू? ऑपरेशन करावं का? (नाव छापू नका.)"

ताई, आधी सरळ उत्तर देऊन टाकतो म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. आत्ता ऑपरेशन करू नका. कधीच करू नका असं नाही म्हणत, पण आत्ता, ऐन थंडीत, तो असा पेटलेला असताना तर अजिबात नको. निर्णय घ्यायचाच असेल तर उन्हाळा सरल्यावर घ्या आणि तोपर्यंत घरात काही गोष्टी बदला. का ते सांगतो, जरा लांबण लागेल.

तुम्ही पत्रात जे जे लिहिलंय ना, मान वरखाली करणं, गळ्याची पिशवी फुगवणं, नारिंगी रंग, खाणं तोडणं, हे सगळं एकत्र दिसलं की समजायचं नर माजावर आलाय. तुमच्यावर राग धरून बसलाय वगैरे काही नाही. नर इग्वाना साधारण दोन ते चार वर्षांचा झाला की वयात येतो, म्हणजे बाळूचं वय बरोबर बसतंय, आणि मग वर्षातनं एकदा हा सीझन येतो. हे जनावर मूळचं मेक्सिकोपासनं खाली ब्राझीलपर्यंतच्या जंगलातलं. तिकडं पाऊस संपून कोरडे महिने लागले की नर-मादी जमतात, आणि पिल्लं अंड्यातनं बाहेर येतात ती बरोबर पावसाच्या तोंडाला, झाडांना कोवळा पाला फुटायच्या वेळेला. पिंजऱ्यात जन्मलेला असला तरी हे गणित अंगातनं जात नाही, आपला पत्ता आता जुळे सोलापूर आहे हे त्याला कोण सांगणार. पाळलेल्या नरांचं हे बहुतेक हिवाळ्यात होतं, काही आठवड्यांपासनं तीनेक महिन्यांपर्यंत चालतं आणि मग आपोआप उतरतं. तुमच्याकडं दिवाळीला सुरू झालंय, म्हणजे गड्ड्याची जत्रा उठून शिवरात्र होईस्तोवर बराच जोर ओसरायला पाहिजे.

तुमच्याच मागं का लागलाय ते पण समजून घ्या. जंगलात मोठा नर मोक्याची फांदी धरून बसतो, तिथं मादीला येऊ देतो आणि दुसरा नर दिसला की हाकलतो. तुमच्या घरात ना दुसरा नर ना मादी, मग त्या खोलीत सारखं येणारंजाणारं जे माणूस असेल त्याला तो यातल्या कुठल्यातरी खात्यात टाकतो. खोली तुम्ही झाडता, खायला तुम्ही ठेवता, म्हणून तुम्ही. बरेच नर असे घरातल्या एकाच माणसाच्या मागं लागतात. आणि मोक्याची फांदी कुठली, तर तुमचं कपाट! तिथनं खोलीत येणारं सगळं त्याला खाली दिसतं, त्याच्या हिशोबानं ती जागा त्याची आहे आणि तुम्ही तिच्याखालनं रोज घुसताय.

पण थांबा, हे सगळं बाळू नर आहे असं धरून चाललंय. पिल्लू एवढुसं असताना नर का मादी हे नुसतं बघून सांगणं अवघड असतं, दुकानदार काहीतरी ठोकून देतो आणि नाव पडतं बाळू. आता मात्र ओळखता येतं. मागच्या मांडीची आतली बाजू बघायची. गुडघ्याकडनं जांघेकडं एका ओळीत बारीक भोकं असतात. मादीची अगदी टाचणीच्या टोकाएवढी, हाताला जेमतेम लागतात. नराची चांगली मोठी, प्रत्येकातनं करड्या-पिवळट मेणाचा छोटा खुंट बाहेर आलेला, आणि माजावर असताना तर ओळच्या ओळ खरबरीत लागते, त्यानंच तो फांद्यांवर आपला वास लावत फिरतो. शिवाय नराचे गाल फुगीर असतात, पाठीवरचे काटे उंच असतात, शेपटीच्या मुळाशी खालनं दोन फुगवटे दिसतात. आत्ता त्याला धरून उलटा करायच्या भानगडीत पडू नका, खिडकीच्या जाळीवर चढला की बाहेरच्या बाजूनं मोबाइलवर फोटो काढा आणि मोठा करून बघा.

मादी निघाली तर माझं वरचं उत्तर पुसून टाका. इग्वानाची मादी नर नसला तरी अंडी धरते, आणि ती पोटात अडकली किंवा अंडाशयातच साचून राहिली की जिवावर बेततं. ही काही क्वचित होणारी गोष्ट नाही, म्हणून मादीच्या बाबतीत या जनावरांचे डॉक्टर तरुण वयातच ऑपरेशन करून घ्या असं स्वतःहून सांगतात. खाणं बंद, पोट फुगलेलं, कोपरे उकरत बसणं असं काही दिसत असेल तर उन्हाळ्याची वाट न बघता त्याच आठवड्यात एक्सरे काढून घ्या. पण तुमचं वर्णन वाचून मला तरी नरच वाटतोय, तेव्हा पुढं नर धरूनच लिहितो.

आता मिस्टरांचं खोंडाचं. खोंड खच्ची केला की गरीब होतो हे खरं, पण खोंडाचं सगळं बाहेर लोंबत असतं, चिमटा दाबला की काम झालं, संध्याकाळी जनावर कडबा खातंय. इग्वानाचं तसं नाही. त्याच्या गोट्या पोटात खोल, पाठीच्या कण्याच्या बाजूला असतात, म्हणजे पोट फाडूनच आत जावं लागतं. पोटाच्या बरोबर मध्यावर कातडीच्या आत एक मोठी शीर जाते, ती चुकवायला चीर बाजूनं घ्यावी लागते, कुत्र्या-मांजरांत सवयीनं मध्यावर घेतात तशी घेऊन चालत नाही. आत गेल्यावर उजवी गोटी शरीरातल्या सगळ्यात मोठ्या शिरेला जवळजवळ चिकटलेली, डावीला ॲड्रिनल ही हार्मोन तयार करणारी ग्रंथी लागून. तिथं छोट्या धातूच्या क्लिपा लावून रक्तवाहिन्या बंद करायच्या आणि मग कापायचं, एक क्लिप सुटली की पोटात रक्त. नुसत्या नळ्या बांधून भागत नाही, कारण माज येतो तो गोट्यांतल्या हार्मोनमुळं, त्या काढाव्याच लागतात.

भूल हा तर वेगळाच प्रकार. सरपटणारे प्राणी श्वास धरून बराच वेळ राहू शकतात, त्यामुळं नुसता मास्क लावून भूल देणं भरवशाचं नाही. सुईनं औषध देऊन, श्वासनळीत नळी घालून, मिनिटाला काही श्वास बाहेरनं द्यावे लागतात आणि तो स्वतःहून श्वास घ्यायला लागेपर्यंत कोणीतरी तिथं उभं राहून देतच राहावं लागतं. अंग पूर्ण वेळ गरम ठेवायचं, गार पडला की औषध शरीरातनं उतरतच नाही. शुद्धीवर यायला तासन् तास लागू शकतात. आणि टाके, कुत्र्याचे दहा-बारा दिवसांत काढतात, याचे चार ते सहा आठवडे ठेवावे लागतात कारण ही कातडी सावकाश भरते. तेव्हा "आणा, करून टाकू" एवढ्या सहज कोणी म्हणालं तर मला धडकीच भरते. ते डॉक्टर वाईट आहेत असं अजिबात नाही, कुत्र्याचे ते उत्तमच असतील, पण त्यांना सरळ विचारा, सर तुम्ही इग्वानाचं पोट याआधी उघडलंय का, श्वास द्यायची काय सोय आहे, उजव्या बाजूची शीर कशी सांभाळणार. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

आणि एवढं सगळं नीट पार पडलं तरी तो शांत होईलच याची हमी नाही, खरी गोम इथंच आहे. वयात यायच्या आधी ऑपरेशन झालेल्या नरांकडनं जेवढी अपेक्षा ठेवता येते तेवढी आधीच एक-दोन सीझन माज केलेल्या नराकडनं ठेवता येत नाही, काहींचा जोर चांगलाच उतरतो, काहींचा थोडाफार, काही आहेत तसेच राहतात. उतरला तरी लगेच नाही, कित्येक महिने जातात, खरा फरक पडला का ते पुढच्या सीझनलाच कळतं. म्हणजे बघा, तुम्ही आत्ता जानेवारीत ऑपरेशन केलं आणि मार्चमध्ये बाळू शांत झाला तर तो ऑपरेशननं झाला का सीझन संपला म्हणून झाला हे ना तुम्हाला कळणार ना डॉक्टरला. बिल मात्र तुम्ही भरलेलं असणार, आणि त्याचं पोट फाडलेलं असणार. त्यात माजावर असताना गोट्या फुगलेल्या, रक्तपुरवठा वाढलेला, तो आधीच नीट खात नाही म्हणून अशक्त, म्हणजे सगळ्या बाजूनं चुकीचा मुहूर्त.

मग आत्ता काय करायचं. सगळ्यात आधी मुलगी. सीझन संपेपर्यंत मुलगी आणि बाळू एका खोलीत नकोत, तुम्ही तिथं उभ्या असलात तरी नकोत. माजावरचा नर चेहऱ्यावर झेप घेऊ शकतो आणि त्याच्या दातांच्या कडा दातेरी असतात, मोठ्या माणसाच्या अंगठ्याला टाके पडतात तर लेकराच्या गालाचं काय होईल. ती रडेल, पूर्वी तर माझ्याजवळ बसायचा म्हणेल, तरी नाही म्हणजे नाही. आणि हात धुणं, हे बारा महिने, इग्वानाच्या विष्ठेत साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो, तो स्वतः ठणठणीत असला तरी. त्याचं पाण्याचं भांडं किचनच्या सिंकमध्ये धुऊ नका, वेगळी बादली ठेवा. सासूबाईंचं वय असेल तर त्यांनाही हे लागू.

दुसरं म्हणजे आरसे. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. त्या खोलीत आरशाचं कपाट आहे का? असेलच. बाळूला त्यात रोज सकाळ-संध्याकाळ एक नारिंगी नर दिसतो, आपल्याएवढाच, आपण मान हलवली की तोही हलवतो आणि मेला जागचा हलत नाही! दिवसभर त्याच्याशी भांडून चढलेला पारा मग तुमच्यावर निघतो. आरशाला वर्तमानपत्र चिकटवा, बंद टीव्हीची काळी स्क्रीन झाका, रात्री लाइट लावल्यावर खिडकीच्या काचेत पण दिसतं, पडदा ओढा.

कपाटावरची जागा मोडून काढा पण त्याला उंची दुसरीकडं द्या. कपाटावर पेट्या-बिट्या ठेवून जागा भरून टाका आणि दाराच्या समोरच्या कोपऱ्यात छताजवळ फळी किंवा जाड फांदी बांधा, तिथं गरम बल्ब, म्हणजे तुम्ही दारातनं आत येता तो रस्ता त्याच्या जागेखालनं जाणार नाही. जमलं तर सुताराकडनं जाळीचा मोठा पिंजरा करून घ्या, निदान सहा फूट उंच, सहा फूट लांब, तीन फूट खोल, दार बाजूनं उघडणारं. वरनं हात घालायचा नाही कधीच, वरनं येतो तो शिकारी पक्षी, एवढंच त्याला ठाऊक आहे.

आत जाताना अंगात जाड पूर्ण बाह्यांचं, पायात पँट, हातात वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. आणि आत पाऊल टाकायच्या आधी दारातनं त्याच्याकडं जरा बघा, तो आधी सांगतो हो, आपण बघत नाही. अंग बाजूनं चपटं करून तुमच्याकडं आडवा उभा राहिला, चारी पाय ताठ, पाठीचे काटे उभे, गळ्याची पिशवी लोंबतीय, शेपटीचं टोक थरथरतंय, की दार लावून घ्यायचं आणि तासाभरानं यायचं, त्याचं खाणं एक तास उशिरा झालं तर काही बिघडत नाही. चप्पल फेकून मारणं, काठी दाखवणं हे बंद, त्यानं तो घाबरत नाही, भांडण मात्र पक्कं होतं. चावलाच तर हात हिसडू नका, ओढला की जखम मोठी होते, डोळ्यांवर कापड टाका, थांबा, सोडतो. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि डॉक्टरला सांगायचं की इग्वाना चावलाय, अँटिबायोटिक लागतं. रेबीजची धास्ती नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, सरड्या-इग्वानाला होत नाही.

आता एक सांगतो, हसू नका. जुनी सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून, सुतळीनं बांधून, उशीएवढा लोड करा आणि त्याच्या जागेत टाका. इग्वाना पाळणारे लोक अशा नराला जुनं मऊ खेळणं किंवा गुंडाळलेला टॉवेल देतात, माज त्याच्यावर निघतो आणि माणसं वाचतात. सासूबाईंना दाखवू नका म्हणजे झालं, आणि ती चादर परत अंगावर घ्यायच्या लायकीची राहत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

खाण्याबद्दल मात्र मिस्टरांना दोन शब्द सुनावतो. अंडं बंद. इग्वाना पक्का पालेखाऊ आहे, त्याला अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं काही लागत नाही, वर्षानुवर्षं असलं देत राहिलं तर मूत्रपिंडं खराब होतात आणि युरिक ॲसिड सांध्यात साचतं. आपल्याकडं खरं तर त्याची चैन आहे, शेवग्याचा पाला, हादग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळ्याचे कोवळे वेल, जनावरांना घालतात तो लसूणघास, वर थोडा लाल भोपळा किसून. पालक रोज नको, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळं कॅल्शियम अंगी लागत नाही. सीझनमध्ये तो कमीच खाणार, थोडं वजन उतरणार, पण पाणी पितोय आणि अधनंमधनं खातोय एवढं बघा, दर आठवड्याला पिशवीत घालून वजनकाट्यावर टाकता आलं तर फारच छान, सारखं घसरत चाललं किंवा पूर्णच खायचा थांबला तर डॉक्टरकडं.

ऊन हाही मोठा विषय आहे. इग्वानाला हाडांसाठी उन्हातली यूव्हीबी, म्हणजे एक प्रकारची अतिनील किरणं, लागते आणि ती खिडकीच्या काचेतनं आत येत नाही, म्हणजे काचेमागं कितीही वेळ बसला तरी नुसती ऊब मिळते. सकाळचं कोवळं ऊन जाळीतनं थेट द्या, अर्ध्या भागात सावली ठेवून. आत्ता हिवाळ्यात सोलापूरचं ऊन त्याला फार मानवतं, पण मार्चनंतर गच्चीत पिंजरा ठेवून विसरलात तर मेलाच म्हणून समजा, त्याला 35 अंशाच्या आसपासची शेकायची एक जागा लागते, 42 अंशाचं सोलापूर नाही. आपली हवा पण त्याच्या मानानं फारच कोरडी, रोज दोनदा पाण्याचा फवारा मारा. रात्री अकरापर्यंत त्या खोलीत ट्यूबलाइट जळत ठेवू नका, बारा तास उजेड, बारा तास अंधार.

हे ऊन आणि खाणं मुद्दाम एवढं लिहिलं कारण नीट ऊन नाही आणि वर अंडी अशा जनावराची हाडं दुखत असू शकतात, मूत्रपिंडं कमजोर असू शकतात, आणि दुखणारं जनावर पण चावतं. सीझन असला तरी त्याच्या मागं हे पण लपलेलं असू शकतं. म्हणून ऑपरेशन करा न करा, मार्च-एप्रिलमध्ये तो थंड झाला की एकदा रक्त तपासा, कॅल्शियम, फॉस्फरस, युरिक ॲसिड, आणि हाडांचा एक्सरे. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेलेला दिसला तर मूत्रपिंडाची गडबड असते, मग भूल द्यायचा विषयच काही काळ मिटला.

मी हो कधी म्हणेन ते पण सांगतो. हे सगळं केलं, पाच-सहा महिने नीट गेले, रक्त-एक्सरे साफ आले, आणि तुम्हाला दिसतंय की घर लहान आहे, त्याला वेगळी खोली किंवा मोठा पिंजरा देणं शक्यच नाही, मुलगी काही घराबाहेर ठेवता येत नाही, तर जून ते सप्टेंबरच्या दरम्यान, पुढच्या सीझनच्या बऱ्याच आधी, हे काम रोज करणाऱ्या डॉक्टरकडं करून घ्या, उपयोग होईल किंवा होणार नाही हे मनाशी धरून. याउलट मोठा पिंजरा होत असेल तर माझं मत, ऑपरेशनचे पैसे त्या पिंजऱ्यात घाला. वर्षाचे नऊ महिने तो पूर्वीचाच बाळू आहे, तीन महिन्यांसाठी दाराला कडी लावणं हा पोट फाडण्यापेक्षा सोपा उपाय वाटतो मला. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधीच कडी लावायची, अंगावर यायची वाट बघायची नाही.

दिराचं काय ते तुमच्या घरातलं, पण इग्वाना नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो, म्हणजे तुमची लेक कॉलेजात जाईल तेव्हाही बाळू असणार. फोनवर रडून हे भागत नाही, पिंजऱ्याचा आणि डॉक्टरचा खर्च त्यानं पाठवावा आणि सुट्टी काढून चार दिवस येऊन स्वतः पिंजरा लावून द्यावा, हे वहिनी म्हणून तुम्ही हक्कानं सांगू शकता.

सासूबाईंना आणि शेजाऱ्यांना एवढं दाखवा, घोरपडीची जीभ लांब आणि पुढं दुभंगलेली असते, ती मांस खाते, बाळूच्या पाठीवर काट्यांची रांग आहे आणि कानाखाली एक मोठं गोल खवल आहे, ते घोरपडीला नसतं. हा फरक नुसता बघण्यापुरता नाही. घोरपड आपल्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे, ती घरात ठेवणं सरळ गुन्हा. इग्वाना परदेशी, पण तोही आता मोकळा नाही, 1972 च्या कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली आणि सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्राण्यांची नोंद सक्तीची झाली, 2024 च्या नियमांप्रमाणं ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची होती आणि आधीपासनं पाळलेल्यांना दिलेली सहा महिन्यांची मुदत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली. दिरानं केली होती का ते आधी विचारा. केली नसेल तर लपवून बसू नका, शेजाऱ्यांनी फोन करायच्या आधी तुम्हीच वनविभागाच्या ऑफिसात लेखी अर्ज घेऊन जा, खरेदीची पावती असेल तर जोडा. नोंद नसताना कोणाला गुपचूप विकणं, देणं तर नकोच. आणि वैतागून कंबर तलावावर किंवा हिप्परग्याला सोडून द्यायचा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल तर तो काढून टाका, फ्लोरिडात लोकांनी असेच सोडलेले आणि निसटलेले इग्वाना आता तिथं उपद्रव होऊन बसलेत.

डॉक्टरचं म्हणाल तर सोलापुरात नुसत्या एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळ्या, पाळीव जनावरांचं काम करणारं कोणी मिळालं तर उत्तम, नाहीतर पुणं गाठायला लागेल, अडीचशे किलोमीटर. परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला फोन करून विचारलंत तर कोणाकडं जावं एवढं तरी कळेल. नेताना मोकळा गाडीत सोडू नका, मांडीवर तर नाहीच. झाकणाला भोकं पाडलेला मोठा प्लास्टिकचा क्रेट, तळाला जुना टॉवेल, वरनं गडद कापड, अंधार असला की तो गप्प पडून राहतो. पहाटे निघा, क्रेट एसीच्या झोताखाली ठेवू नका आणि टेंभुर्णीला चहाला उतरलात तर काचा लावून त्याला उन्हात गाडीत ठेवू नका, एकानं गाडीत बसायचं, एकानं चहा आणायचा.